बायपासच्या वेळचं इंजेक्शन : हो म्हणू की नको?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, बायपास पुढच्या आठवड्यात मिरजेत ठरलंय. पत्र लांब आहे, त्यातलं मुद्द्याचं तेवढं इथं देते.

‘डॉक्टर, अण्णांचं वय ६७. अँजिओग्राफीत तिन्ही नसांत ब्लॉकेज निघाले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासताना सांगितलं, की रक्त जास्त जाऊ नये म्हणून सुरुवातीपासूनच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड देणार. नाव ऐकून मी दचकलेच. पाळीत फार जायचं तेव्हा मला हीच गोळी दिली होती. तिच्या कागदावर लिहिलं होतं, की गुठळीचा आजार असेल तर घेऊ नये. अण्णांना तर रक्त पातळ राहावं म्हणून दोन वर्षं गोळ्या चालू आहेत. मग रक्त घट्ट करणारं औषध कसं चालेल? नवीन जोडलेल्या नसाच बंद पडल्या तर? धाकट्या भावाने एक व्हिडिओ दाखवला. त्यात म्हणतात, हार्टच्या ऑपरेशनमधलं रक्त थांबवायचं औषध माणसं दगावल्यामुळे बाजारातून काढून घेतलं. भाऊ म्हणतो, सहीच करायची नाही. वर त्यातली क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी बंद करायला सांगितलंय, त्या काळजीने आईला झोप नाही. रक्तासाठी चार माणसं आणा म्हणालेत, मी आणि भाऊ देणारच आहोत, आमचंच रक्त अण्णांना चढवा असं सांगणार आहे. बाकी अण्णांना काही नाही. साखरेसाठी इन्सुलिन आहे आणि क्रिएटिनिन १.८ आलंय तेवढंच.’

ताई, पहिल्यांदा उत्तर सांगते, मग कारणं. इंजेक्शनला हो म्हणा. मी हृदयाच्या ऑपरेशनची भूल देणारी डॉक्टर आहे. माझ्या स्वतःच्या वडिलांचं बायपास असतं तरी मी हे औषध द्याच म्हणून सांगितलं असतं. पण तुमच्या पत्रात शेवटी जाता जाता आलेलं ते ‘तेवढंच’ मला खटकलं. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंड किती नीट काम करतं ते सांगणारा रक्तातला आकडा, आणि तो १.८ म्हणजे तेवढंच नव्हे. अख्ख्या पत्रात या औषधाशी सगळ्यात जास्त संबंध त्या एका आकड्याचा आहे. त्याच्याकडे येतेच, आधी तुमच्या मनातली मुख्य भीती बघू.

हे औषध रक्त घट्ट करत नाही. घरोघरी तसंच समजतात, वॉर्डातसुद्धा कुणी घाईत ‘रक्त गोठायचं इंजेक्शन’ म्हणून जातं, म्हणून घोटाळा होतो. जखम झाली की शरीरात दोन कामं सुरू होतात. एकीकडे प्लेटलेट गोळा होतात, त्यांच्यावर फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणली जाते आणि रक्त थांबतं. दुसरीकडे तीच जाळी हळूहळू विरघळवायची तयारी चालू होते. विरघळवणाऱ्याचं नाव प्लास्मिन. एरवी दोन्ही कामं मापात चालतात आणि दोन्ही हवीच असतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड फक्त दुसऱ्या कामाला अडवतं. तुम्ही शेतकरी घरातल्या, म्हणून असं सांगते : पाणी अडवायला बांध घातला, तो धरलासुद्धा, पण घूस तो आतून पोखरत असेल तर पाणी फुटणारच. हे औषध नवीन माती आणून टाकत नाही, घुशीचं तोंड बांधतं. जिथे बांध घातलेलाच नाही तिथे ते स्वतः बांध घालत नाही.

आता बायपासमध्ये याची एवढी गरज का पडते? हृदय थांबवून ऑपरेशन करतात तेव्हा अंगातलं सगळं रक्त हार्ट-लंग मशीनच्या प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरत असतं. आम्ही त्याला नुसतं ‘पंप’ म्हणतो. नळ्यांत रक्त गोठलं तर अनर्थ, म्हणून आधी हेपॅरिनचा भलामोठा डोस देऊन रक्त मुद्दाम गोठेनासं करतो. पंप सुटला की प्रोटामिन देऊन हेपॅरिनचा असर उतरवतो. पण तोवर बरंच काही घडून गेलेलं असतं. प्लेटलेट नळ्यांना घासून निकामी होतात, मशीनमधल्या पाण्याने रक्त विरळ होतं, अंग गार पडलेलं असतं, आणि परक्या पृष्ठभागाला लागून लागून जाळी विरघळवायचं काम भलतंच जोरात चालू होतं. त्याच वेळी छातीचं मधलं हाड उघडलेलं, पायातून नस काढलेली, हृदयावर केसाएवढ्या दोऱ्याचे टाके. बारीक बारीक शेकडो ठिकाणी धरलेलं रक्त परत सुटू लागतं. सर्जन एक जागा जाळून बंद करतो तोवर शेजारून पाझर सुरू.

म्हणून हे औषध आधीपासून देतात. रक्त वाहायला लागल्यावर देऊ की, असं बऱ्याच नातेवाइकांना वाटतं, आणि ऐकायला ते शहाणपणाचंही वाटतं. पण विरघळणं एकदा जोरात सुरू झालं की ते आवरायला जड जातं. अपघाताच्या जखमींवर क्रॅश-२ नावाचा वीस हजारांवर रुग्णांचा मोठा अभ्यास २०१० साली आला. त्यात हेच औषध लवकर दिलं त्यांचे जीव वाचले. रक्तस्रावानेच होणारे मृत्यू पाहिले तर तीन तासांनंतर औषध दिलेल्यांना फायदा राहिला नाही, उलट नुकसान दिसलं. ऑपरेशनमध्ये आपल्या हाती एक सोय असते : रक्त कधी जाणार ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. ती सोय वापरायची नाही तर काय करायचं?

अण्णांचं बायपास पंपाशिवाय, हृदय चालू ठेवून करणार असतील, तरीही हे औषध देतात. आपल्याकडे तसं पुष्कळ होतं. त्यात नळ्यांचा भाग टळतो, पण हाड, पाय आणि टाके तेच राहतात.

आता ग्राफ्ट, म्हणजे नवीन जोडलेल्या नसा, बंद पडण्याची भीती. ही भीती आमच्या क्षेत्रातल्या लोकांनाही होती, आणि रास्त होती. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने सात देशांत अभ्यास झाला, २०१७ साली छापून आला. त्याचं नाव अटाकस. ४,६३१ रुग्ण, सगळे हृदयाच्या नसांच्या ऑपरेशनचे. म्हणजे अण्णांसारखेच. निम्म्यांना ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिलं, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि कुणाला काय दिलं ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. पुढच्या महिन्याभरात मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात, फुप्फुसात गुठळी, मूत्रपिंड निकामी होणं असं सगळं एकत्र धरलं तर औषधवाल्यांत १६.७ टक्के आणि पाणीवाल्यांत १८.१ टक्के. औषधाने गुठळ्या वाढल्या नाहीत. रक्त मात्र पुष्कळ वाचलं : एका बाजूला रक्ताच्या आणि रक्तघटकांच्या ७,९९४ पिशव्या लागल्या, तर दुसऱ्या बाजूला ४,३३१. आणि रक्त थांबेना किंवा हृदयाभोवती साठलं म्हणून छाती पुन्हा उघडावी लागण्याचं प्रमाण २.८ टक्क्यांवरून १.४ वर आलं.

हा शेवटचा आकडा दिसायला लहान आहे, पण मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. कारण छाती पुन्हा उघडणं म्हणजे काय ते मी जवळून बघते. आयसीयूत पेशंटच्या खाटेला खाली ड्रेनचा डबा लटकवलेला असतो. छातीतल्या नळ्यांतून येणारं रक्त त्यात साठतं. सिस्टर दर तासाला डब्यावर चिकटपट्टी लावून पेनाने रेघ मारतात, शेजारी वेळ लिहितात. आठ वाजता इथपर्यंत, नऊ वाजता इथपर्यंत. रेघा जवळजवळ येत गेल्या की सगळे निवांत होतात. तासाला दोनशे मिलीच्या पुढे सलग जाऊ लागलं की सर्जनला फोन जातो. एकाएकी काहीच येईना आणि बीपी पडू लागलं तर आणखी घाई, कारण नळी तुंबून रक्त हृदयाभोवती साठत असू शकतं. मग मध्यरात्री पुन्हा थिएटर, पुन्हा भूल, पुन्हा रक्ताच्या पिशव्यांसाठी धावपळ. बाहेर पायरीवर बसलेल्या घरच्यांना नेमकं काय झालंय ते समजत नाही, समजावायला कुणाला उसंत नसते. ते टळावं म्हणून एवढा खटाटोप.

गोळीच्या कागदावर लिहिलेलं खोटं नाही. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात सध्या गुठळी असेल तर हे औषध देत नाहीत, पूर्वी होऊन गेली असेल तरी दहादा विचार करतात. ती गुठळी शरीराला विरघळवायची असते, तिथे विरघळवणाऱ्याचं तोंड बांधून कसं चालेल? पण अण्णांच्या नसांतले ब्लॉकेज वेगळे. ते चरबी आणि चुना वर्षानुवर्षं आतून साचत गेल्याने झालेत. अण्णांच्या पायाला कधी अचानक सूज येऊन गुठळी निघाली होती का, कधी पक्षाघाताचा झटका येऊन गेलाय का, एवढं आठवून बघा. असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा. ‘त्यांनी विचारलं नाही’ म्हणून गप्प राहू नका.

भावाने दाखवलेल्या व्हिडिओतली गोष्ट घडलेली आहे, पण ती दुसऱ्या औषधाची. त्याचं नाव ॲप्रोटिनिन. गाई-बैलांच्या फुप्फुसातून काढायचे, हृदयाच्या ऑपरेशनमध्ये जगभर वापरायचे, आणि रक्त थांबवण्यात ते खरोखर जोरदार होतं. २००६ साली त्याच्यावर शंका घेणारा मोठा लेख आला. मग कॅनडात बार्ट नावाचा अभ्यास चालू होता, २,३३१ रुग्णांचा, तोही मध्येच थांबवावा लागला. महिन्याभरात दगावलेले ॲप्रोटिनिनमध्ये ६ टक्के, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडमध्ये ३.९ टक्के आणि अमिनोकॅप्रोइक ॲसिड नावाच्या तिसऱ्या औषधात ४ टक्के. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने ॲप्रोटिनिनची विक्री थांबवली. पुढे युरोपातल्या औषध नियामकांनी ठरावीक रुग्णांसाठी ते परत येऊ दिलं, त्यावर वाद अजून आहेत. भावाला एवढं सांगा, की ज्या तुलनेत ते औषध हरलं, त्या तुलनेत सुरक्षित ठरलेल्यांपैकी एक म्हणजे अण्णांना देणार आहेत ते. व्हिडिओ करणाऱ्याने दोन्हींची नावं सांगायला हवी होती. अर्धी माहिती देऊन लोकांना ऑपरेशनच्या तोंडावर घाबरवणं मला अजिबात पटत नाही.

आणि तुम्हाला पाळीत दिलेली गोळीच हृदयाच्या ऑपरेशनला कशी, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला. कारण हे औषध शोधलं तेच मुळात बायकांच्या रक्तस्रावाचा विचार करून. जपानमध्ये उताको ओकामोतो आणि शोसुके ओकामोतो हे डॉक्टर पती-पत्नी युद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत यावर काम करत होते. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचवायच्या हा उताकोबाईंचा ध्यास. १९६२ साली त्यांनी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जगासमोर आणलं. बाळंतिणींवरचा वीस हजार स्त्रियांचा अभ्यास मात्र २०१७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याआधीच्या वर्षी, वयाच्या ९८ व्या वर्षी, बाई गेल्या. औषधाचं काम सगळीकडे तेच, जमलेली जाळी टिकवायची. मग ते गर्भाशय असो, अपघातातली मांडी असो की अण्णांची छाती. हे महागडं औषध नाही, आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

आता क्रिएटिनिन.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड अंगात मोडत नाही, जवळजवळ सगळंच्या सगळं लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. मूत्रपिंड मंद असेल तर ते रक्तात साठत राहतं. साठलं की मेंदूवर परिणाम होतो आणि फिट येऊ शकते. अटाकसमध्ये औषधवाल्यांत ०.७ टक्के जणांना फिट आली, दुसऱ्या गटात ०.१ टक्के. चीनमध्ये ३,०७९ रुग्णांवर मोठा डोस आणि लहान डोस अशी तुलना झाली, २०२२ साली आली. मोठ्या डोसमध्ये रक्त चढवावं लागलेले थोडे कमी, २१.८ टक्के, लहान डोसमध्ये २६ टक्के. फिट मात्र मोठ्या डोसमध्ये १ टक्का आणि लहान डोसमध्ये ०.४ टक्के. हा फरक इतका लहान आहे, की तो निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. पण जास्त डोसने फिटचा धोका वाढतो हे इतर ठिकाणीही दिसलंय, झडपेच्या ऑपरेशनमध्ये तर जास्तच. त्यामुळे अण्णांच्या बाबतीत औषध द्यायचं की नाही यापेक्षा ते किती द्यायचं हे जास्त महत्त्वाचं आहे. त्या चिनी अभ्यासातल्या लहान डोसने हिशेब केला तर साठ किलोच्या माणसाला सुरुवातीला सहाशे मिलिग्रॅम लागतात, आणि मग ऑपरेशनभर शिरेतून थेंब थेंब. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर भूलतज्ज्ञ ते थेंब आणखी कमी करतात.

फाइलमध्ये १.८ चा रिपोर्ट असेलच, त्यांनी बघितलाही असेल. तरी तुम्ही तोंडाने सांगा. आणि तो रिपोर्ट कधीचा आहे ते बघा. अँजिओग्राफीच्या आधीचा असेल तर पुन्हा करायला सांगा, कारण अँजिओग्राफीत जे रंगाचं औषध नसेत सोडतात त्याने मूत्रपिंडाला धक्का बसून क्रिएटिनिन आणखी वर गेलेलं असू शकतं. अण्णांना लहानपणी किंवा नंतर कधी फिट, आकडी येऊन गेली असेल, फिटची गोळी चालू असेल, तेही इथंच सांगायचं. कितीतरी घरांत ही गोष्ट लपवतात, लग्न जमवताना लपवलेली ती ऑपरेशनपर्यंत लपूनच राहते. भूलतज्ज्ञांपुढे ती लपवू नका. समजा शुद्धीवर येताना फिट आलीच, तर पेशंट आयसीयूत नजरेसमोरच असतो, लगेच औषध देतात, गरज वाटली तर मेंदूचं स्कॅन करतात. बहुतेक जण त्यातून नीट बाहेर येतात.

इन्सुलिनचंही सांगायचं आहे. अण्णांचं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ दिसतं की दुधट? दुधट असेल, घेण्याआधी बाटली किंवा पेन हातात घोळवायला सांगितलं असेल, तर त्यात प्रोटामिन असतं. वर सांगितलं तेच, हेपॅरिन उतरवायचं. वर्षानुवर्षं ते टोचून घेतलेल्या काही जणांना ऑपरेशनमध्ये प्रोटामिन दिल्यावर रिअ‍ॅक्शन येऊ शकते. माशांची ॲलर्जी असणाऱ्यांनाही कधी कधी. भूलतज्ज्ञांना आधी माहीत असेल तर ते सावकाश, तयारीनिशी देतात.

क्लोपिडोग्रेल बंद केल्याची आईची काळजी मला समजते. दोन वर्षं ‘एक दिवसही चुकवू नका’ असं बजावलेली गोळी डॉक्टरच बंद करा म्हणतात तेव्हा पोटात गोळा येणारच. त्या गोळीने प्लेटलेट एकदा बधिर झालं की ते मरेपर्यंत बधिरच राहतं. प्लेटलेटचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं. पाच दिवसांत पुरेशी ताजी प्लेटलेट तयार होतात, म्हणून पाच दिवस. बंद न करता ऑपरेशन केलं तर सगळ्या इंजेक्शनांवर पाणी पडेल एवढं रक्त जाऊ शकतं. ॲस्पिरिन मात्र बहुतेक सर्जन चालू ठेवतात. अटाकसमध्ये त्याचीही परीक्षा झाली होती, ॲस्पिरिन घेतलेल्यांत रक्तस्राव वाढलेला दिसला नाही. तुमच्या सर्जनने काय सांगितलंय ते धरून चला. दोन वर्षांत अण्णांना स्टेंट बसवलेला असेल तर क्लोपिडोग्रेल बंद करण्याचा हिशेब वेगळा असतो. ते सर्जनला माहीत आहे ना, खात्री करा.

इथं एक ठेच हमखास लागते. अण्णांच्या गोळ्यांची पट्टी हातात घ्या आणि मागचं बारीक छापलेलं वाचा. नुसती इकोस्प्रिन असेल तर त्यात ॲस्पिरिन एकटंच. इकोस्प्रिन एव्ही असेल तर ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी. पण इकोस्प्रिन गोल्ड असेल तर त्यात क्लोपिडोग्रेलही आहे. घरात सांगतात, क्लोपिडोग्रेलची पट्टी बाजूला काढली, इकोस्प्रिन तेवढी चालू आहे, आणि ती इकोस्प्रिन गोल्ड निघते. ऑपरेशनच्या सकाळी हे कळलं की ऑपरेशन पुढं ढकलावं लागतं, किंवा ढकलता आलं नाही तर रक्त जातं. म्हणून चिठ्ठीवर नावं लिहून आणू नका, पट्ट्याच पिशवीत घालून न्या. सगळ्या. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकची किंवा आयब्युप्रोफेनची गोळीसुद्धा त्यात घाला. शेतात काम करणाऱ्या माणसाला ती औषध वाटतच नाही, पण ती रक्तस्राव वाढवते आणि अण्णांच्या आधीच दमलेल्या मूत्रपिंडाला मारते. ती आजपासूनच बंद. लसणाच्या कॅप्सूल, हळदीच्या अर्काच्या गोळ्या, अर्जुनसालीचा काढा असं काही चालू असेल तर तेही दाखवा. आपण सांगलीकर, जेवणात हळद असणारच, तिला कुणी अडवत नाही. पण अर्काच्या गोळीत तिचं प्रमाण कितीतरी पट असतं आणि ती प्लेटलेटच्या कामात ढवळाढवळ करू शकते.

या पाच दिवसांत अण्णांना शेतावर जाऊ देऊ नका. छातीत दुखलं, घाम फुटला, दम लागला तर ‘आता सोमवारी ॲडमिट व्हायचंच आहे’ म्हणून वाट बघत बसायचं नाही. १०८ ला फोन करा आणि सरळ त्याच हॉस्पिटलला कळवा.

रक्त द्यायला चार माणसं आणा हे योग्यच आहे. पण ‘आमचंच रक्त अण्णांना चढवा’ हा हट्ट सोडा, ताई. सख्ख्या मुलाचं, मुलीचं, भावाचं रक्त देण्यात एक विरळा पण फार घातक धोका असतो. जवळच्या नात्यातल्या पांढऱ्या पेशी वडिलांच्या अंगाला परक्या वाटत नाहीत, म्हणून अंग त्यांना मारत नाही, आणि त्याच पेशी पुढे अंगावर उलटतात. म्हणून असं रक्त दिलंच तर त्यावर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते. तुम्ही दोघं रक्त द्या, ते रक्तपेढीत जाऊ दे, दुसऱ्या कुणाला तरी मिळेल, आणि अण्णांना गटाचं जुळलेलं, तपासलेलं दुसऱ्या कुणाचं मिळेल. मात्र तुम्हाला स्वतःला पाळीत फार जात होतं, तर आधी तुमचं हिमोग्लोबिन बघायला सांगा. १२.५ च्या खाली असेल तर रक्तपेढी तुमचं रक्त घेणारच नाही, आणि घेऊही नये. पैसे देऊन कुणी ‘डोनर’ आणून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. पैसे घेऊन रक्त विकायला १९९८ पासून देशात बंदी आहे, आणि ती बंदी रुग्णांच्या जिवासाठीच आहे. अण्णांचं हिमोग्लोबिन किती आहे हेही विचारा. कमी असेल आणि हाताशी थोडे दिवस असतील तर लोहाचं इंजेक्शन देऊन ते वाढवायचा प्रयत्न करता येतो.

राहता राहिली सही. या एका औषधासाठी बहुतेक ठिकाणी वेगळा कागद नसतो, ऑपरेशनच्या आणि भुलेच्या संमतीत ते येतं. त्या कागदावर पहिली सही अण्णांची. ते शुद्धीवर आहेत, समजतंय त्यांना. आपल्याकडे अजून पोरगा सही करतो आणि बाप खाटेवर पडून छताकडे बघत असतो. शरीर त्यांचं आहे, त्यांना शेजारी बसवून हे सगळं सांगा. त्यांच्यासमोरच भूलतज्ज्ञांना विचारा : क्रिएटिनिन १.८ आहे, तर डोस कसा कमी करणार? नंतर फिट आली तर काय करता? ऑपरेशननंतर ॲस्पिरिन कधी सुरू करता? या प्रश्नांनी कुठलाही चांगला डॉक्टर दुखावत नाही. मला तर असे नातेवाईक भेटले की बरं वाटतं.

शेवटचा प्रश्न मुद्दाम घातलाय. ड्रेनमधलं रक्त कमी झालं की साधारण पहिल्या दिवसातच ॲस्पिरिन पुन्हा सुरू करतात, ग्राफ्ट उघडे राहण्यासाठी ते फार गरजेचं असतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं काम तोवर संपलेलं असतं, मूत्रपिंड नीट असेल तर दिवसाभरात ते अंगातून निघून जातं, अण्णांना थोडा जास्त वेळ लागेल. घरी येताना डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नवी यादी मिळेल. क्लोपिडोग्रेल परत सुरू करायची आहे की नाही, ते त्यावर लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. आणि जुन्या पट्ट्या घरात देवळीत पडलेल्या असतील तर अण्णा घरी पोहोचायच्या आधी त्या तिथून काढून ठेवा.